बिनबिल्ल्याचा सुग्रीवतात्या

निमटाकळीच्या वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला पहिलं घर सुग्रीवतात्याचं. रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलंय, ‘मॅव्हरिक सुग्रीव’. त्याखाली बारीक अक्षरांत, ‘कोणत्याही गटाशी संबंध नाही’. दिंद्रुडच्या बाजाराला निघालेला नवखा माणूस तिथं थबकतो आणि विचारतो, हे आडनाव कुठल्या मुलखातलं म्हणायचं? मग गावातला कुणीतरी गंभीर चेहरा करून सांगतो, "आडनाव न्हाई पावणं, पदवी हाय. सरकारनं दिलेली."

निमटाकळीत माणसाचा गट आधी ठरतो, नाव मागून बारशाला. एक गट सुंदररावांचा. सोसायटीचं चेअरमनपद त्यांच्याकडं, त्यामुळं खत, बी-बियाणं आणि पीककर्ज यांची वाट त्यांच्या ओट्यावरून जाते. दुसरा गट मोहनरावांचा. ते आधीचे चेअरमन आणि, त्यांचं त्यांनीच ठरवल्याप्रमाणे, पुढचेही. किराणा कुणाच्या दुकानातून भरायचा, मांडवात कुठल्या अंगाला बसायचं, मयताला आधी कुणी खांदा द्यायचा, सगळं गटावारी. पोळ्याला बैलांच्या मिरवणुका दोन निघतात आणि एकाच मारुतीला दोनदा प्रदक्षिणा होते. मारुतीनं अजून कुठल्या गटात प्रवेश केलेला नाही, पण दोन्ही गट आशेवर आहेत.

सुग्रीवतात्या कुठल्याच गटात नव्हता. तो सांगायचा की हे तत्त्व आहे. गाव सांगायचं ते वेगळं. फार मागं एकदा सोसायटीची निवडणूक लागली, तेव्हा संचालकाच्या उमेदवारीसाठी आपल्याला कुणीतरी बोलवायला येईल म्हणून तात्या धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला होता. सुंदररावांची माणसं दारावरून गेली, मोहनरावांचीही गेली. थांबलं कुणीच नाही. दिवेलागणीला तात्या उठला, चावडीपुढं गेला आणि आपण आजपासून कुठल्याही गटाचे नाही, असं त्यानं जाहीर केलं. ऐकायला चावडीपुढं एक शेळी होती, असं त्याची बायको सत्यभामा सांगते. पण ती तिथं नव्हती, त्यामुळं तिचं किती खरं धरायचं हा प्रश्नच आहे.

एकदा जाहीर केल्यावर मात्र तात्यानं ते पाळलं. सुंदररावांच्या ओट्यावर गेला तर चहा अर्धा कपच प्यायचा. मग तिथून उठून मोहनरावांकडं जायचं आणि उरलेला अर्धा कप तिथं. कुणी भरून दिलाच तर अर्धा बशीत ओतून बशी परत करायची. दोन्ही घरच्या बायका त्या बशीला ‘तात्याचं तत्त्व’ म्हणायच्या आणि ते तत्त्व मोरीत ओतायच्या.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तात्याचा दिवस असायचा. विषय क्रमांक तीन म्हणजे मागील वर्षाच्या खर्चास मंजुरी. तो वाचला गेला की तात्या उठायचा, उपरण्याचं टोक खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "विषय क्रमांक तीनला माझा विरोध हाय." सेक्रेटरी खाली बघून लिहायचा, ‘सर्वानुमते मंजूर’. मग चहा यायचा. तात्या अर्धा प्यायचा.

ह्या विरोधानं कधी काही अडलं नाही. तात्यालाही ते ठाऊक होतं. पण सभा सुटल्यावर दोन-चार माणसं म्हणायची, "तात्या, बोलावं तर तुमीच." तेवढ्यावर त्याचं पुढचं वर्ष निघायचं.

पदवी मिळाली ती एकोणीसच्या दुष्काळात. पाऊस त्याच्या आदल्या साली दोन नक्षत्रं तोंड दाखवून गेला होता आणि माजलगाव धरणाकडं बघवत नव्हतं. तालुक्याला नवीन तहसीलदार मॅडम आल्या होत्या, पुण्याकडच्या, वयानं तात्याच्या पोरीएवढ्या. त्यांनी देवळाच्या सभामंडपात पाणीटंचाईची बैठक घेतली. सुंदरराव म्हणाले, टँकर वरच्या आळीला थांबावा. मोहनराव म्हणाले, खालच्या आळीला. तात्या उठला.

"वरच्या आळीला माझा विरोध हाय. आन् खालच्या आळीलाबी."

"मग काका, टँकर थांबवायचा कुठं?" मॅडमनी विचारलं.

"ते मी सांगितलं तर मी कुणाच्या तरी बाजूचा होतो," तात्या म्हणाला. "मी फक्त विरोध करतो."

मॅडम खळखळून हसल्या. त्या दिवसांत गावात कुणी हसल्याचं लोक विसरले होते, त्यामुळं सगळ्यांनी माना वळवून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, यू आर अ रिअल मॅव्हरिक." आणि शेजारच्या तलाठ्याला म्हणाल्या, "गावागावात असा एकतरी पाहिजे."

टँकर वेशीबाहेर, दोन्ही आळ्यांना सारखाच लांब पडेल असा थांबायला लागला. बाया चांगल्या अर्ध्या कोसावरून हंडे वाहताना तात्याचं नाव घ्यायच्या. कोणत्या सुरात, ते तात्यानं कधी कान देऊन ऐकलं नाही.

शब्दाचा अर्थ त्यानं कुणाला विचारला नाही. विचारला म्हणजे माहीत नव्हता असं झालं असतं. मॅडमचा चेहरा हसरा होता, सूर कौतुकाचा होता, शब्द इंग्रजी होता. एवढ्यावर त्यानं दिंद्रुडहून पेंटर बोलावला. सत्यभामा दारात उभी राहून बघत होती.

"पगार हाय का ह्या पदवीला?"

"मानाची असती ही."

"म्हंजी न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

चैत्रात सोसायटीनं गावाच्या माळावर चारा छावणी उघडली. ज्याच्याकडं वैरण संपली त्यानं आपली जनावरं तिथं नेऊन बांधायची. चारा-पाणी सोसायटीनं करायचं आणि जनावरामागं सरकारनं सोसायटीला पैसे द्यायचे, अशी ती व्यवस्था. जनावर छावणीत आलं की त्याच्या कानाला भोक पाडून पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठोकायचे. बिल्ला असला तर उसाचं वाढं मिळायचं, पेंड मिळायची, हौदावर पाणी मिळायचं. बघता बघता गावातल्या सगळ्या कानांत पिवळी फुलं आली. मोहनरावांच्या गटातल्या लोकांनीही रात्रीतून विचार बदलले आणि सकाळी दाव्याला धरून जनावरं आणली. मोहनरावांनी त्यांना समजावून सांगितलं की आपला विरोध छावणीला नाही, चेअरमनला आहे. जनावरानं चारा खाल्ला म्हणून माणूस फुटत नाही.

माळावर गेली नाही ती एकच जोडी. तात्याची. सरदार आणि पाखऱ्या.

"कानात बिल्ला घालणं म्हंजी गटात नाव घालणं," तात्या म्हणायचा. "माझ्या बैलाच्या कानात सुंदररावांचा बिल्ला जायचा न्हाई."

"कान बैलाचा हाय. तुमचा न्हाई," सत्यभामा म्हणायची.

"बैल माझा हाय का न्हाई?"

"तुमी कुणाचेच न्हाई म्हणता, मग बैल तुमचा कसा?"

ह्यावर तात्या उपरणं झटकून बाहेर जायचा आणि सत्यभामा कडब्याच्या गंजीखालचा चुरा खराट्यानं गोळा करायची. मग तो चुराही संपला. तिनं छपराचं जुनं पाचट उपसून बैलांपुढं टाकलं. पाखऱ्यानं ते हुंगलं आणि तिच्याकडं बघितलं. तात्याकडं त्यानं बघितलं नाही. सरदार तर बसलेला उठायचाच कंटाळा करायला लागला होता. उठवायचा तर दोघांनी शेपटीला आणि शिंगांना धरावं लागायचं. माळावरून वारा आला की उसाच्या वाढ्याचा हिरवा वास थेट गोठ्यात शिरायचा आणि दोन्ही बैल माना तिकडं वळवायचे. अशा वेळी सत्यभामा नवऱ्याला काही बोलायची नाही. ती नुसती बैलांच्या माना वळलेल्या दिशेला हात करायची आणि भाकरी थापायला बसायची.

तात्या झोपेतही कूस बदलताना कण्हायचा. आपण सुंदररावांकडं गेलो तर ते काय म्हणतील, ह्याचा त्यानं पुष्कळ विचार केला होता. ‘या तात्या, आलात शेवटी,’ असं म्हणतील. ते ‘शेवटी’ त्याला गिळवत नव्हतं. आणि त्याहून जास्त डाचत होतं ते हे, की सुंदरराव त्याला बोलवायलाही आले नव्हते. तात्याला फोडावं, वळवावं, आपल्या बाजूला घ्यावं, असं गावात आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. विकला न जाणारा माणूस म्हणून तो प्रसिद्ध होता खरा, पण गिऱ्हाईक कधी आलंच नव्हतं.

तेवढ्यात मोहनरावांनी तालुक्याला तक्रार टाकली. छावणीत आहेत त्याहून पुष्कळ जास्त जनावरं दाखवली जातात, मेलेल्या म्हशी अजून पेंड खातात, वगैरे. तक्रार खरी होती. मोहनराव चेअरमन असताना मागच्या दुष्काळात त्यांनीच हे तंत्र गावात आणलं होतं, त्यामुळं त्यांना त्यातलं कळत होतं. मॅडमनी तपासणीचा दिवस धरला. पंचनाम्याला पंच कोण, असा प्रश्न आला. सुंदररावांच्या माणसाला मोहनरावांची हरकत, मोहनरावांच्या माणसाला सुंदररावांची. मॅडम म्हणाल्या, "त्या गावात कुणाचाच नसलेला एक माणूस मला माहितेय."

तलाठ्याचा फोन आला तेव्हा तात्या ओट्यावर होता. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ भिंतीकडं, आपल्या नावाकडं बघत बसला. उद्या त्याच्या सहीवर छावणी चालणार किंवा बंद पडणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या ‘न्हाई’ला वजन आलं होतं. आणि उद्या मॅडमनी चारचौघांत पुन्हा तो शब्द काढला, तर आपल्याला त्यावर काहीतरी शोभेसं बोलता आलं पाहिजे. म्हणून तो उठून शहादेव सरांकडं गेला.

शहादेव सर उभी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि गावात इंग्रजी येणारं माणूस अजूनही एकच होतं, ते म्हणजे सर. ते लिंबाखाली बाजेवर पडून जाडी डिक्शनरी छातीवर घेऊन वाचायचे. तात्याचा प्रश्न ऐकून ते उठून बसले.

"भिंत रंगवून किती दिवस झाले? आन् अर्थ आज विचारायला आलास?"

"अर्थ ठावं हाय. जरा तपशील पायजे."

"बस मग. टेक्सास म्हणून मुलूख हाय अमेरिकेत. आपल्यावाणीच माळ आन् ऊन. दोनशे वर्षं व्हायला आली, तिथं सॅम्युअल मॅव्हरिक नावाचा वकील होता."

"वकील," तात्या खूष होऊन म्हणाला.

"वकील. जमिनीचा लई नाद त्याला. गुरांचा मात्र आजिबात न्हाई. एका कुळाकडनं येणं अडकलं, त्यापायी गुरं गळ्यात पडली. तिथं कुंपण नव्हतं, सगळ्यांची गुरं एकाच माळावर. मग वळखायची कशी? तर लोखंड तापवून जनावराच्या मागल्या पुठ्ठ्यावर डाग द्यायचा. ज्याचा त्याचा डाग येगळा. ह्या मॅव्हरिकनं आपल्या गुरांना डाग दिलाच न्हाई."

"कावून?"

"तीन बाता सांगतात लोक. एक, त्याला मुक्या जनावराची दया आली. दोन, त्यो लबाड होता. बाकी सगळ्यांनी डाग दिले की बिनडागाचं दिसंल ते आपलं म्हणायला मोकळा. तिसरी, मला वाटतं तीच खरी. त्याला कटाळा आला."

"दयाच आसंल," तात्या म्हणाला.

"दया? गुरं राखायला कोण ठेवलता माहीत हाय का? जॅक म्हणून गुलाम. बायकापोरांसकट मालकीचा. वासराला डाग देऊ वाटला न्हाई म्हणत्यात, आन् माणसं दावणीला." पुढचं त्यांनी हळू, चवीनं सांगितलं. "तर झालं आसं. बिनडागाचं वासरू माळावर दिसलं की लोक म्हणायचे, ते बघ मॅव्हरिकचं चाललंय. पुढं पुढं त्या वासरालाच मॅव्हरिक म्हणायला लागले. आन् म्हणता म्हणता लोखंड तापवायचे. ज्यानं आधी डाग दिला त्याचं वासरू. वकिलानं शेवटी कटाळून सगळी गुरं विकली. ज्यानं घेतली त्याची माणसं घोड्यावर बसून माळ पालथा घालायची. डाग नसलेलं जे सापडंल ते आपलंच, चला हाका."

तात्याचा चेहरा उतरत चालला होता.

"माणसाला कधी म्हणायला लागले मग?"

"पुढं काही वर्षांनी. कुठल्याच पार्टीचा डाग नसलेला पुढारी म्हंजी मॅव्हरिक. आता तर चांगल्या अर्थानंच म्हणतात."

"म्हंजी मॅडम मला वासरू न्हाई म्हणल्या."

"मॅडम माणूसच म्हणल्या. वासरू मी म्हणायलोय."

तात्या उठायच्या बेतात आला, पण उठला नाही. "सर, देवाला सोडलेला पोळ आसतो गावात. कुणाचाच नसतो. कुणाच्याबी रानात चरतो. कुणी हात लावत न्हाई त्याला."

"त्याच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ आसतो, सुग्रीवा. म्हणून काठी उगारत न्हाईत लोक. तुझ्या पुठ्ठ्यावर काय हाय?"

तात्याचा हात धोतरामागं गेला आणि मधूनच परत आला.

"बिनडागाचं वासरू लई ऐटीत चरतं," सर डिक्शनरी मिटत म्हणाले. "त्याला वाटतं आपण मोकळे हाव. त्याच्याकडं अजून कुणाचं ध्यान गेलं न्हाई, एवढंच आसतं ते. उद्या तुझ्याकडं ध्यान जायचंय. जपून."

म्हातारा जळतोय, असं मनाशी म्हणत तात्या घरी आला. वाटेत त्यानं ठरवलं, उद्या जे दिसेल ते सांगायचं. दोन्ही गट बसतील बोंबलत. वीस-पंचवीस वर्षं पाळलेल्या अर्ध्या कपाचं उद्या चीज होणार होतं.

सकाळी तो दाढी करून, नवं उपरणं घेऊन मॅडमच्या जीपला सामोरा म्हणून दिंद्रुडच्या फाट्यावर गेला. निघताना बैलांकडं बघायचं त्यानं टाळलं. सत्यभामा म्हणाली, "सरदार आज उठला न्हाई." तात्या म्हणाला, "आल्यावर बगतो."

इकडं सुंदररावांची पोरं दोन टेंपो घेऊन भल्या पहाटेपासून हिंडत होती. कागदावर होती तेवढी जनावरं माळावर उभी करायची होती. पाहुण्यारावळ्यांच्या गावातून म्हशी आल्या, ऊसतोडीवरून परतलेल्यांचे बैल आले, बाजारातून एका व्यापाऱ्याची खोंडं भाड्यानं आली. तरी कमी पडत होती. तेव्हा सुंदररावांनी पोरांना सांगितलं, "बिल्ला नसलेलं जे दिसंल ते आणा बे. बिल्ला न्हाई म्हंजी कुणाचंच न्हाई." टेक्सास कुठं आहे हे सुंदररावांना माहीत नव्हतं.

तपासणी सुरू झाली. पुढं मॅडम, त्यांच्या बाजूला तात्या, मागं सुंदरराव हात जोडलेले आणि त्यांच्याही मागं मोहनराव मोबाइलवर शूटिंग घेत. दावणीमागून दावण. तात्या छाती काढून चालला होता. मॅडम अधूनमधून विचारायच्या, "काका, ही जनावरं गावातलीच ना?" आणि तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणायचा, "जरा पुढं चला, मग सांगतो." सुंदररावांच्या कपाळावर घाम होता. तात्याला तो उन्हापेक्षा उबदार वाटत होता. तिसऱ्या दावणीपर्यंत त्याला परगावच्या एवढ्या म्हशी दिसल्या होत्या की सांगायला कुठून सुरुवात करावी हाच विचार तो करत होता.

चौथ्या दावणीच्या टोकाला सरदार उभा होता.

उभा होता. काल शेपटीला धरून उठत नव्हता तो चारी पायांवर उभा राहून वाढं ओढत होता, आणि ते ओरबाडताना त्याच्या मानेची वशिंडाखालची शीर हलत होती. शेजारी पाखऱ्या. दोघांच्या कानांत नवे पिवळे बिल्ले. पाखऱ्याच्या कानातून बारीक रक्त निथळून खाली उसावर थेंब थेंब पडत होतं आणि तो ते थेंबांसकट खात होता.

पाखऱ्यानं मान वर केली, तात्याला बघितलं आणि हंबरला.

"अरे वा," मॅडम थांबल्या. "हा तुम्हाला ओळखतो वाटतं."

तात्याच्या डोक्यात पहिल्यांदा जे आलं ते बैलांबद्दल नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं मोहनरावांचं शूटिंग आलं, दिंद्रुडचा बाजार आला, आणि ‘मॅव्हरिकचे बैल सुंदररावांच्या दावणीला’ म्हणून खदखदणारी चहाची टपरी आली. माझे आहेत पण मी आणले नाहीत, असं म्हटलं तर ते कोण खरं मानणार होतं? आणि ह्या म्हशी बाहेरच्या आहेत असं सांगितलं, तर सगळ्यात आधी विचारतील, आन् ते बैल? बैलांचा विचार त्याच्या मनात आला तो ह्याच्यानंतर. छावणी आज बंद झाली तर सरदार परत त्या पाचटापुढं जाऊन बसेल, आणि ह्या खेपेला बसलेला उठायचा नाही.

पुढं जाऊन त्यानं पाखऱ्याच्या कानावर तळहात ठेवला. कुरवाळल्यासारखा. रक्त बोटांना चिकटलं. मॅडमच्या आणि कानाच्या मध्ये तो उभा राहिला.

"गावातलं जनावर हाय," तो म्हणाला. "वळखणारच."

"म्हणजे ही इथलीच आहेत? रोज इथंच असतात?"

सुंदररावांनी आता बैलांकडं नीट बघितलं. ते बैल कुणाचे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या तोंडावरचा घाम तसाच राहिला, पण जोडलेले हात सुटून पाठीमागं गेले.

"इथलीच," तात्या म्हणाला.

"आणि मघाच्या म्हशी?"

"त्याबी."

"काका, तुमचा कशालाच विरोध नाही? आज?"

"असता तर बोललो असतो की."

मोहनरावांनी शूटिंग थांबवलं. मॅडमनी जरा वेळ तात्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग पंचनामा पुढं केला. तात्यानं डाव्या हातानं सही केली. उजवा हात त्यानं उपरण्यात गुंडाळून ठेवला होता. जीपमध्ये बसताना मॅडमनी तो इंग्रजी शब्द काही पुन्हा काढला नाही. त्यावर काय बोलायचं हे तात्यानं घोकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

घरी आल्यावर त्यानं सत्यभामेला विचारलं, "बैल कुणी सोडले?"

"मीच. पोरं इचारायलती, मावशे, बिल्ला न्हाई तर ह्यो जोडा कुणाचा? मी म्हणलं, कुणाचाच न्हाई. भिंतीवर लिवलंय की."

"आन् सरदार उठला?"

"वाढ्याची पेंडी नाकापुढं धरली, तर उठला. टेंपोत सोता चढला." तिनं त्याच्या हाताकडं बघितलं आणि तांब्यातून पाणी ओतलं. "धुवा त्ये."

सुंदररावांनी कुठं वाच्यता केली नाही. ते तसे समंजस होते. फक्त रस्त्यात भेटले की म्हणायचे, "तात्या, जोडी लई झ्याक धरलीय हो आता." सरदार-पाखऱ्या पावसाळ्यापर्यंत माळावरच राहिले आणि अंगानं भरले. मोहनरावांच्या घरी तात्या एकदा गेला होता. तिथं त्याला बसायला सांगितलं, पाणीही दिलं. अर्धा कप काही आला नाही. परत येताना शहादेव सर लिंबाखाली होते. त्यांनी डिक्शनरीवरून डोळे न काढता विचारलं, "लई पोळलं का रं?" तात्या ऐकू न आल्यासारखं करून पुढं गेला.

पुढं छावण्या उठल्या. बिल्ले कापून सोसायटीत जमा केले गेले. कानांना भोकं तेवढी राहिली. भाद्रपदात वार्षिक सभा भरली. विषय क्रमांक एक झाला, दोन झाला. विषय क्रमांक तीन, मागील वर्षाच्या आणि छावणीच्या खर्चास मंजुरी. सेक्रेटरीनं वाचून मान वर केली. सगळ्यांनीच केली.

तात्या बसूनच राहिला असता तर गावानं समजून घेतलं असतं. पण तो उठला. उपरण्याचं टोक खांद्यावर टाकलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता.

"विषय क्रमांक तीनला माझा विरोध हाय."

मोहनरावांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं. सुंदरराव मात्र मनापासून हसले, पुढं झाले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "लिव. येवढ्या वर्षांत लिवला न्हाई, ह्या साली लिव. आमच्या मॅव्हरिकचा विरोध हाय म्हणून. सहकारात विरोध पायजे. सभा कशी जिवंत वाटती." मग सभेकडं वळून त्यांनी स्वतःच पहिली टाळी वाजवली.

टाळ्या पडल्या. सेक्रेटरीनं लिहिलं. विषय मंजूर झाला.

मग चहा आला. वाटणाऱ्याला तात्याची सवय ठाऊक होती; त्यानं अर्धा ओतून किटली वर उचलली. तेवढ्यात पलीकडून सुंदररावांनी नुसती मान हलवली, तशी किटली पुन्हा खाली आली आणि कप काठापर्यंत भरला. तात्यानं बशीकडं बघितलं. उरलेला अर्धा प्यायला आता दुसरं घर नव्हतं.

चहा गोड होता. त्यानं तो संपवला.